मधुमेह आणि स्त्रीजीवन



रोगांचा इतिहास सांगतांना आपण बहुधा शोधांचाच इतिहास सांगतों. अमुक सालीं अमुक शास्त्रज्ञानें अमुक औषध शोधून काढलें, त्यामुळें असंख्य रोगी वांचले आणि त्या शास्त्रज्ञाला मोठें पारितोषिक मिळालें, येथें आपली कथा संपते. परंतु वांचलेला रोगी दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठतो, चहा पितो, कामाला लागतो. आणि त्याची स्वतःची कथा तेथून पुढें सुरू होते. मधुमेहाच्या बाबतींत हें विशेषच खरें आहे. हा रोग चार दिवस औषध घेऊन घालवितां येण्यासारखा नव्हे. तो जन्माचा सोबती होऊन राहतो. आणि हा सोबती एखाद्या स्त्रीच्या वांट्याला आला म्हणजे त्याचा संबंध केवळ तिच्या रक्तांतील साखरेशीं राहत नाहीं. तो तिच्या स्वयंपाकघराशीं, उपासतापासांशीं, विवाहाशीं आणि बाळंतपणाशीं येतो. अशा स्त्रियांचें जीवन गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत कसकसें बदलत गेलें, ह्याचा थोडक्यांत आढावा घेण्याचा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

मधुमेह हें नांव आपल्याच पूर्वजांनीं दिलेलें आहे. आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले असून त्यांपैकीं असाध्य मानलेला एक प्रकार म्हणजे मधुमेह. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, ही गोष्ट त्या वैद्यांच्या नजरेंतून सुटली नव्हती. बैठा उद्योग, अतिभोजन आणि दिवसाची झोंप ह्यांचा ह्या रोगाशीं संबंध आहे, हेंही त्यांनीं ओळखलें होतें. परंतु पुढील काळांतील टीकाग्रंथांत एक चमत्कारिक मत नोंदलेलें आढळतें. स्त्रीचें शरीर दर महिन्याच्या ऋतुस्रावानें शुद्ध होत असल्यामुळें तिला प्रमेह होत नाहीं, असें तें मत आहे. सर्वच वैद्यांना तें मान्य होतें असें नाहीं. डोळ्यांना दिसणारा रोगी नाकारणें कोणत्याही प्रामाणिक वैद्याला कठीणच जातें. तथापि स्त्रीला हा रोग नाहींच असें मानण्यापर्यंत कांहींजणांची मजल गेली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

इंग्रजी अंमलांतही चित्र फारसें निराळें नव्हतें. १९०७ सालीं ब्रिटिश वैद्यकीय संघाच्या सभेंत उष्ण देशांतील मधुमेहावर चर्चा झाली, तेव्हां डोळ्यांपुढें होता तो मुख्यतः सुशिक्षित बंगाली गृहस्थ. खुर्चीवर बसून बुद्धीचें काम करणारा, व्यायाम न करणारा, खाण्यापिण्यांत सुखवस्तु. ह्या गृहस्थांच्या घरांतील स्त्रियांचें काय, हा प्रश्न मागेंच राहिला. आणि त्याचें कारण समजण्यासारखें आहे. गृहस्थ स्वतःच्या पायांनीं डॉक्टरकडे जात असे. त्याच्या पत्नीची तहान, थकवा आणि न भरणारी जखम हीं मात्र घरांतल्या घरांतच राहत. जिची तपासणीच होत नाहीं, तिची गणना तरी कोण करणार?

पाश्चात्य देशांत ह्या रोगाकडे स्त्रीच्या दृष्टीनें पाहण्याचा पहिला मोठा प्रसंग आला तो बाळंतपणाच्या निमित्तानें. १८८२ सालीं लंडन येथें जेम्स मॅथ्यूज डंकन ह्या प्रसूतितज्ज्ञानें मधुमेही स्त्रियांच्या २२ गरोदरपणांची हकीकत एकत्र करून मांडली. ती वाचतांना मन विषण्ण होतें. कित्येक माता प्रसूतीनंतर लवकरच दगावल्या होत्या, आणि मुलेंही मोठ्या संख्येनें पोटांतच किंवा जन्मतांच गेलीं होतीं. इतकेंच नव्हे, तर तरुणपणीं हा रोग जडलेल्या बहुतेक मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोंचतच नसत. त्या काळीं मधुमेही स्त्रीविषयीं वैद्यकशास्त्र एकच प्रश्न विचारीत होतें : ही किती दिवस जगेल?

ह्या प्रश्नाचें उत्तर बदललें तें १९२२ सालीं. कॅनडांतील टोरोंटो येथें फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप ह्यांच्या परिश्रमांनीं इन्शुलिन हातीं आलें आणि त्या वर्षाच्या जानेवारींत लेनर्ड थॉम्प्सन नांवाच्या मुलाला तें प्रथम टोंचण्यांत आलें. ही कथा आपण पुष्कळदां ऐकली आहे. आज मी आपल्यापुढें ठेवणार आहे ती त्याच वर्षीं इन्शुलिन मिळालेल्या एका मुलीची कथा.

तिचें नांव एलिझाबेथ ह्यूज. अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज ह्यांची ही कन्या. १९१९ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, तिला मधुमेह असल्याचें निष्पन्न झालें. त्या वेळीं उपाय एकच होता, आणि तो म्हणजे उपासमार. डॉ. फ्रेडरिक ॲलन ह्यांनीं असें ठरविलें होतें कीं, रोग्याला जेमतेम जीव राहील एवढेंच अन्न द्यावें, म्हणजे साखर वाढणार नाहीं आणि मृत्यु कांहीं काळ लांबेल. ही चिकित्सा क्रूर होती. पण त्या काळीं दुसरा मार्गच नव्हता. ह्या मुलीनें तीन वर्षें हें व्रत पाळलें. प्रत्येक घांस तोलून खायचा, आणि लघवींत साखर दिसली कीं दुसऱ्या दिवसाचा घांसही कमी करायचा. आपल्याकडे उपवास संपला म्हणजे पारणें असतें. ह्या उपवासाला पारणेंच नव्हतें. ऑगस्ट १९२२ मध्यें ती टोरोंटोला बँटिंगकडे पोंचली, तेव्हां पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्या ह्या मुलीचें वजन होतें अवघें ४५ पौंड.

इन्शुलिन सुरू झालें आणि थोड्याच महिन्यांत ती अंगानें भरली. वर्षानुवर्षें तिला मना असलेले पदार्थ तिच्या ताटांत आले. पुढें ती महाविद्यालयांत गेली आणि १९२९ सालीं पदवीधर झाली. १९३० सालीं तिचा विवाह झाला, तिला तीन मुलें झालीं, तिनें सार्वजनिक कार्यांत पुढाकार घेतला, आणि १९८१ सालीं वयाच्या ७३ व्या वर्षीं ती वारली. तिनें आयुष्यांत सुमारें ४२,००० वेळां इन्शुलिन टोंचून घेतलें असावें असा चरित्रकारांचा अंदाज आहे.

एवढ्यावर थांबलों तर ही विजयाची कथा होईल. पण तिला दुसरीही बाजू आहे. प्रौढपणीं एलिझाबेथनें आपला रोग जवळजवळ सर्वांपासून लपवून ठेवला. वडिलांच्या कागदपत्रांतून आपल्या आजाराचे उल्लेख शक्य तितके काढून टाकण्याचाही तिनें प्रयत्न केला. जगांतील उत्तम उपचार जिला मिळाले, जिला पैशाची ददात नव्हती, शिक्षणाची उणीव नव्हती, तिलाही आपल्या रोगाचें नांव उघडपणें घेणें नकोसें वाटावें, ह्यांत त्या काळच्या समाजाचें चित्र दिसतें. ‘रोगी’ ही ओळख पुरुषाला उद्योगधंद्यांत नडत असे. स्त्रीला ती विवाहांत, मातृत्वांत आणि चारचौघींत वावरतांना नडत असे. औषधानें तिला जवळजवळ ६० वर्षांचें आयुष्य दिलें. मन मोकळें करण्याची मुभा मात्र औषध देऊं शकत नव्हतें.

आणि त्या दिवसांतील नित्यक्रम तरी काय होता? कांचेची पिचकारी आणि जाड सुई रोज उकळत्या पाण्यांत शुद्ध करावयाची. सुई बोथट झाली कीं दगडावर घांसून तिला धार लावावयाची. लघवींतील साखर पाहण्यासाठीं बेनेडिक्टचें निळें द्रावण परीक्षानळींत घेऊन दिव्यावर तापवावयाचें. तें निळेंच राहिलें तर ठीक, हिरवें-पिवळें झालें तर सावधगिरी, आणि विटकरी लाल झालें तर धोका. अन्न तराजूंत तोलावयाचें. टोंचलेल्या इन्शुलिनला तर घड्याळाची शिस्त लागते. जेवणाला उशीर झाला कीं साखर एकाएकीं उतरते, अंगाला दरदरून घाम सुटतो, हातपाय कांपतात, बोलण्यांत ताळतंत्र राहत नाहीं. पुरुष रोगी असला तर हा सारा खटाटोप बहुधा त्याची पत्नी, आई किंवा बहीण करी. मात्र घरधनीणच रोगी झाली तर तिच्यासाठीं तराजू कोणीं हातीं घ्यावा? तिनें स्वतःचें अन्न तोलावें, मग घरच्यांसाठीं निराळा स्वयंपाक करावा, सर्वांना वाढावें, आणि हें सर्व करतांना स्वतःच्या जेवणाची वेळ चुकूं देऊं नये, अशी अपेक्षा असे.

ह्या दैनंदिन बाजूकडे ज्यांनीं लवकर लक्ष दिलें त्यांत बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन ह्यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. त्यांनीं मधुमेही रोग्यांची जी नोंदवही ठेविली, तिच्या आरंभींच १८९३ सालीं नोंद आहे ती मेरी हिगिन्स नांवाच्या तरुणीची. आणि पुढें त्यांच्या स्वतःच्या आईलाही हाच रोग जडल्यामुळें तिचेंही नांव त्या वहींत आलें. रोग्यानें आपला रोग समजून घेतल्यावांचून उपचार पुरा होत नाहीं, असें त्यांचें मत होतें. म्हणून १९१८ सालीं त्यांनीं डॉक्टर आणि रोगी ह्या दोघांनाही वाचतां येईल असें मार्गदर्शक पुस्तक लिहिलें. परिचारिकांना शिकवून त्यांना रोग्यांच्या घरीं पाठविण्याची प्रथाही त्यांनींच पाडली. डॉक्टरच्या खोलींत दिलेला सल्ला चुलीपाशीं टिकतो कीं नाहीं, हें चुलीपाशीं गेल्यावांचून कसें कळणार?

ह्याच जॉस्लिनांच्या दवाखान्यांत १९२४ सालीं एक तरुण डॉक्टरीण रुजू झाली. तिचें नांव प्रिसिला व्हाइट. मधुमेही मुलें आणि मधुमेही गरोदर स्त्रिया हें काम तिच्याकडे आलें आणि पुढील पन्नास वर्षें तें तिनें सोडलें नाहीं. मधुमेही स्त्रीनें मूल होऊं देऊं नये, दिवस राहिल्यास गर्भपात करावा, असा सल्ला त्या काळीं सर्रास मिळत असे. इन्शुलिनमुळें माता वांचूं लागल्या होत्या हें खरें, पण मुलें वांचत नव्हतीं. प्रिसिला व्हाइट कामाला लागल्या तेव्हां त्यांच्या दवाखान्यांत अशा मातांच्या शंभर मुलांमागें सुमारें ५४ मुलेंच जगत. १९७४ सालीं त्या निवृत्त झाल्या तेव्हां हें प्रमाण ९० च्या वर गेलें होतें.

हें कसें साधलें? कोणत्याही एका जादूच्या औषधानें नव्हे. गरोदर स्त्रीला वारंवार भेटावयाचें, तिचें इन्शुलिन आणि आहार हातांत हात घालून सांभाळावयाचा, दिवस भरत येतांच तिला रुग्णालयांत ठेवावयाचें, प्रसूति योग्य वेळीं, बहुधा थोडी लवकर करावयाची, आणि जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या तासापासून डोळ्यांत तेल घालून पाहावयाचें, अशी ती पद्धति होती. रोग कोणत्या वयांत जडला, किती वर्षें झालीं आणि डोळे, मूत्रपिंड व रक्तवाहिन्या ह्यांना कितपत इजा झाली आहे, ह्यांवरून गरोदर स्त्रियांचे वर्ग पाडण्याची त्यांची पद्धत १९४९ सालीं प्रसिद्ध झाली आणि ती जगभर वापरांत आली. सर्व मधुमेही स्त्रियांना एकच नकार देण्याऐवजीं, तुमच्या बाबतींत धोका इतका आहे आणि काळजी अशी घ्यावी लागेल, असें सांगणें त्यामुळें शक्य झालें. वैद्यकशास्त्राचा दुसरा प्रश्न हा होता : हिला मूल होईल का? आणि त्याला होकारार्थी उत्तर मिळालें.

परंतु इतिहास लिहितांना केवळ गोड तेवढेंच सांगणें योग्य नव्हे. गर्भ टिकावा म्हणून त्या काळीं डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल नांवाचें कृत्रिम स्त्रीहार्मोन गरोदर स्त्रियांना दिलें जाई, आणि बॉस्टनच्या ह्या उपचारपद्धतींतही त्याला स्थान होतें. १९५५ सालीं ब्रिटनमधील एका काळजीपूर्वक परीक्षेंत असें दिसून आलें कीं, मधुमेही गरोदर स्त्रियांना त्याचा कांहीं लाभ होत नाहीं. पुढें १९७१ सालीं तर, ज्यांच्या मातांनीं गरोदरपणीं हें औषध घेतलें होतें अशा कांहीं तरुण मुलींत एक विरळा कर्करोग आढळल्याचें बॉस्टनच्याच डॉक्टरांनीं जाहीर केलें. सद्हेतूनें केलेला उपायही स्त्रीच्या आणि तिच्या लेकीच्या शरीरावर किती दूरवर परिणाम करतो, ह्याचा हा धडा आहे.

विवाह आणि मातृत्व ह्यांच्या पूर्वींचें जें बालपण, त्याचीही आठवण कोणाला तरी झाली होती. १९३२ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांत, क्लॅरा बार्टन ह्या प्रसिद्ध लोकसेविकेच्या जन्मस्थानीं, मधुमेही मुलींसाठीं उन्हाळी शिबिर सुरू झालें. घरीं एकटीच पिचकारी घेणारी मुलगी येथें आली कीं तिला दिसे, आपल्यासारख्या कितीतरी आहेत. सकाळीं सर्व जणी रांगेनें इन्शुलिन घेत, एकत्र लघवी तपासत आणि मग पोहावयास व खेळावयास जात. एलिझाबेथला जें जन्मभर लपवावें लागलें, तें ह्या मुलींना निदान कांहीं आठवडे तरी लपवावें लागत नव्हतें. औषधशास्त्राच्या ग्रंथांत अशा शिबिराला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाहीं. पण जगण्याच्या गोडीचा विचार केला तर त्याचें मोल लहान नाहीं.

औषधाविना मात्र कोणतेंही शिबिर उभें राहत नाहीं, हें दाखविणारी एक कथा दुसऱ्या महायुद्धांतील आहे. ईव्हा सॅक्सल ही प्राग येथील ज्यू तरुणी, नाझींच्या छळापासून पळून पतीसह चीनमधील शांघाय येथें आली आणि तेथें तिला मधुमेह झाला. जपानशीं युद्ध पेटल्यावर शहरांतील इन्शुलिन दिसेनासें झालें. तेव्हां ह्या पतिपत्नींनीं एका वैद्यकीय ग्रंथांतील वर्णनाच्या आधारानें, पाणम्हशींच्या स्वादुपिंडांपासून, स्वतःच इन्शुलिन तयार करण्याचा घाट घातला. दोघेही रसायनशास्त्रज्ञ नव्हते. तयार झालेलें औषध सशांवर पाहिलें आणि मग माणसांत पहिली टोंचणी ईव्हानें स्वतःला घेतली. युद्ध संपेपर्यंत त्या इन्शुलिननें तिचेच नव्हे, तर शांघायमधील इतर शेंकडों मधुमेही लोकांचे प्राण राखले. रोगी स्त्री म्हणजे केवळ दयेचा विषय, असें मानणाऱ्यांनीं ही कथा अवश्य आठवावी.

युद्धानंतरच्या काळांत रोजची कटकट हळूहळू कमी होत गेली, आणि तींतही स्त्रियांचा हात होता. १९५६ सालीं अमेरिकेंत हेलन फ्री आणि त्यांचे पति आल्फ्रेड फ्री ह्यांच्या प्रयत्नांतून लघवींत बुडवून साखर दाखविणारी कागदी पट्टी बाजारांत आली. परीक्षानळी, दिवा आणि उकळणें हें सर्व त्या एका पट्टीनें दूर सारलें. १९६९ सालीं ऑक्सफर्ड येथें डोरोथी हॉजकिन ह्यांनीं इन्शुलिनच्या रेणूची रचना उलगडली. ह्या स्फटिकाचें पहिलें छायाचित्र त्यांनीं त्याच्या सुमारें ३४ वर्षें आधीं घेतलें होतें. पुढें एकदां वापरून टाकून द्यावयाच्या सुया आल्या, घरच्या घरीं रक्त तपासण्याचीं यंत्रें आलीं, आणि १९८२ पासून मानवी इन्शुलिन विकावयास आलें. पूर्वीं जें काम स्वयंपाकघराचा एक कोपरा व्यापीत असे, तें आतां एका लहानशा पिशवींत मावूं लागलें.

आतां तिसऱ्या प्रश्नाकडे वळूं. ही किती जगेल, हिला मूल होईल का, ह्या दोन प्रश्नांनंतर, ही जगते तरी कशी, हा प्रश्न शास्त्रानें पद्धतशीरपणें विचारला तो फार उशिरां. १९८३ ते १९९३ ह्या काळांत अमेरिका आणि कॅनडा ह्या देशांत १,४४१ तरुण रोग्यांवर एक मोठी परीक्षा करण्यांत आली. साखर काटेकोरपणें आटोक्यांत ठेवल्यानें डोळे, मूत्रपिंड आणि मज्जातंतु वांचतात, हें तिनें सिद्ध केलें. ह्या परीक्षेसाठीं एक प्रश्नावली तयार करण्यांत आली होती आणि ती १९८८ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत रोग्याला विचारलें होतें : आपण आपल्या उपचारांवर समाधानी आहां का? रोगामुळें झोंप, काम, घरचीं नातीं ह्यांत व्यत्यय येतो का? आपला विवाह होईल का, मुलें होतील का, हवी ती नोकरी मिळेल का, ही चिंता कितीदां वाटते? ज्या चिंता स्त्रिया आजवर मनांतल्या मनांत ठेवीत, त्यांना येथें प्रथमच कागदावर जागा मिळाली. आणि परिणाम सुखावह निघाला : काटेकोर उपचारांत टोंचण्या व तपासण्या अधिक, साखर एकदम उतरण्याचे प्रसंगही अधिक, तरी त्यामुळें रोग्यांच्या जीवनाचें समाधान घटलें नाहीं, असें १९९६ सालीं जाहीर झालें. मात्र ह्यांत एक गोष्ट विसरूं नये. ह्या रोग्यांच्या पाठीशीं डॉक्टर, परिचारिका व आहारतज्ज्ञ ह्यांचा सतत आधार होता. शिस्त जाचक ठरते ती बहुधा माणूस एकटा पडला म्हणजे.

दरम्यान आणखी एक भ्रम दूर झाला. हृदयविकार हा पुरुषांचा रोग, स्त्रीला निसर्गानेंच त्यापासून अभय दिलें आहे, असा सर्वसाधारण समज होता. बॉस्टनजवळील फ्रेमिंगहॅम ह्या गांवीं १९४८ पासून हजारो स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षें पाहणी चालू होती. तिच्यांतून १९७९ सालीं असें पुढें आलें कीं, मधुमेह जडला कीं स्त्रीचें हें अभय बव्हंशीं नाहींसें होतें. म्हणून मधुमेही स्त्रीची धाप किंवा छातींतील जडपणा ‘दगदगीनें झालें असेल’ म्हणून सोडून देणें धोक्याचें आहे.

हा सर्व इतिहास आपल्या घराशीं कोठें येऊन भिडतो, हें आतां पाहूं. मुंबईंत १९५५ सालीं डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि रोग्यांना शिकविण्याचें कार्य आपल्याकडे संघटितपणें होऊं लागलें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास हातीं घेतला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें, इंग्लंडांतील बालकांचें सुमारें ३.५ किलो, आणि तरीही आपल्या ह्या कृश बालकांच्या शरीरांत चरबीचें प्रमाण तुलनेनें राखलेलें होतें. म्हणजे पुढील पिढीच्या मधुमेहाचीं मुळें कांहीं अंशीं मातेच्या ताटांत, तिच्या कष्टांत आणि तिच्या गर्भांत शोधावीं लागतात. मद्रासचे डॉ. व्ही. शेषय्या ह्यांनीं प्रत्येक गरोदर स्त्रीची साखर तपासलीच पाहिजे, असा आग्रह धरला. उपाशीपोटीं पुन्हां यावयास न सांगतां, ती आली असेल त्याच वेळीं साखरेचें पाणी देऊन करावयाची सोपी तपासणी त्यांनीं पुरस्कारिली आणि भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही ती आली. लांबून चालत आलेल्या स्त्रीला दुसरी खेप पडूं नये, एवढा साधा विचार तिच्यामागें आहे. पण असाच विचार स्त्रीच्या कामीं येतो.

गरोदरपणांत उद्भवणारा मधुमेह प्रसूतीनंतर बहुधा दिसेनासा होतो, आणि तेथेंच फसगत होते. अशा स्त्रियांना पुढील आयुष्यांत कायमचा मधुमेह जडण्याचा धोका इतर मातांच्या सुमारें सातपट असतो, असें २००९ सालीं अनेक पाहण्या एकत्र करून दाखविण्यांत आलें. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनीं आणि पुढेंही ठराविक काळानें तिची तपासणी झाली पाहिजे. पण घरांत काय घडतें? पोटांत बाळ असेपर्यंत सारें घर तिच्या साखरेची चौकशी करीत असतें. बाळ जन्मलें, पेढे वांटले, कीं चौकशी बाळाकडे वळते. बाळाची लस चुकत नाहीं; आईची तपासणी चुकते.

आणि आपल्याकडील चालीरीतींचा विचार केल्यावांचून तर हा विषय पुराच होत नाहीं. आपल्या संस्कृतींत स्त्रीच्या आयुष्यांतील प्रत्येक मंगल प्रसंगाला गोडाची साथ आहे. साखरपुडा, डोहाळजेवण, बारसें, संक्रांतीचें हळदीकुंकू. प्रत्येक ठिकाणीं कोणीतरी प्रेमानें तिच्या हातावर कांहीं गोड ठेवीत असतें, आणि नको म्हणणें हा अपमान समजला जातो. उलट हरितालिका, वटसावित्री, एकादशी ह्या दिवशीं तिनें उपाशी राहावें, किंवा साबुदाण्यावर व बटाट्यावर दिवस काढावा, अशी रीत आहे. एकांत साखर घसरण्याची भीति, दुसऱ्यांत ती चढण्याची. शिवाय सर्वांचीं पानें वाढून, पंगत उठल्यावर मग आपण बसावयाचें, ही आपल्या गृहिणींची जुनी संवय. इन्शुलिन घेणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीनें ही संवय म्हणजे केवळ थोरपणा नव्हे. ती संकटाला दिलेलें आमंत्रण आहे. शेवटीं उरलेलें अन्न वायां जाऊं नये म्हणून तिच्याच ताटांत पडतें, तें निराळेंच. आणि लग्नाच्या मुलीला हा रोग असला तर तो लपवावा कीं सांगावा, ह्या पेंचांत अजूनही कितीतरी घरें सांपडलेलीं असतात. लपवून लग्न झालें तर ती मुलगी सासरीं चोरून इन्शुलिन घेते, चोरून खाते, आणि एखाद्या दिवशीं वेळ साधली नाहीं म्हणजे सर्वांसमक्ष बेशुद्ध पडते.

१४ नोव्हेंबर हा बँटिंग ह्यांचा जन्मदिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. २०१७ सालीं ह्या दिनाचा विषय स्त्रिया आणि मधुमेह हाच होता. असे दिन येतात आणि जातात. परंतु आज सांगितलेल्या इतिहासांतून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. मधुमेही स्त्रीला आयुष्याचीं वर्षें मिळवून दिलीं तीं प्रयोगशाळेनें; पण त्या वर्षांतील एकेक दिवस सुसह्य झाला तो, जेव्हां कोणीतरी तिच्या साध्या दिनक्रमाला उपचाराचा भाग मानलें तेव्हां. जॉस्लिनांची परिचारिका घरीं गेली, प्रिसिला व्हाइटनें नकाराऐवजीं काळजी दिली, शिबिरानें लपविण्याचें ओझें उतरविलें, कागदी पट्टीनें चुलीवरचें उकळणें थांबविलें. ह्या सर्वांतील तत्त्व एकच आहे.

हें तत्त्व आपल्या घरांत आणावयास मोठा खर्च लागत नाहीं. घरांत मधुमेही स्त्री असेल तर तिच्या जेवणाची वेळ ठरवावी आणि ती पंगतीच्या वेळेइतकीच पवित्र मानावी. तिच्या उपवासाविषयीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. देव त्यानें रागावणार नाहीं. बाळंतपणांत साखर आढळली असेल तर सहा आठवड्यांची तपासणी बाळाच्या लसीबरोबर वहींत लिहून ठेवावी. मुलीचा रोग विवाहापूर्वीं प्रामाणिकपणें सांगावा, आणि सांगणाऱ्याला प्रामाणिकपणानेंच उत्तर द्यावें. आणि ह्या सर्वांहून सोपी गोष्ट म्हणजे, आज तुझी साखर किती, ह्या प्रश्नाबरोबरच, आज तुला कसें वाटतें, हाही प्रश्न तिला अधूनमधून विचारावा. शास्त्राला हा प्रश्न सुचावयास फार वर्षें लागलीं; घरच्या माणसांना इतका उशीर होण्याचें कारण नाहीं.